‘प्यालो’ चालते, मग ‘खाल्लो’ का नाही?

तृतीय वर्ष कला शाखेच्या मराठीच्या वर्गाला भाषाविज्ञान शिकवायला मी लागलो, तेव्हाची पहिली सहा वर्षे मी तो विषय शिकवला असे म्हणण्यापेक्षा लिहून दिला असे म्हणणे अधिक खरे होईल. भाषेची व्याख्या, तिची वैशिष्ट्ये, यादृच्छिकता, स्वन, स्वनिम आणि स्वनांतर यांतील फरक, रूपिका, वाक्यविन्यास, अशा क्रमाने मी सांगत जाई आणि मुले वहीत उतरवून घेत. परीक्षेत ती तेच परत लिहीत आणि त्यांना गुणही बरे मिळत. सातव्या वर्षी चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासताना न्यूनतम युग्माचे उदाहरण म्हणून जवळजवळ प्रत्येकाने ‘पान आणि कान’ असे लिहिलेले आढळले, कारण तेवढेच मी वर्गात सांगितले होते. एका मुलाने मात्र ‘पान आणि झाड’ असे लिहिले होते. एका ध्वनीच्या फरकाने अर्थ बदलणारी शब्दांची जोडी म्हणजे न्यूनतम युग्म, ही व्याख्या त्याने वरच्याच ओळीत बिनचूक लिहिली होती. त्याला ‘पान’ आठवले आणि पानाशेजारी जे असते ते त्याने लिहून टाकले. त्याचे गुण कापताना चूक त्याच्या पदरात घालावी की माझ्या, हे मला ठरवता येईना.

आमचे महाविद्यालय सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात, कर्नाटकाच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या एका तालुक्याच्या गावी आहे. वर्गात साधारण बावीस-चोवीस मुले असतात. त्यांतील काहींच्या घरी कन्नड बोलतात, काहींच्या घरी दख्खनी उर्दू, आणि मराठी ज्यांच्या घरी आहे त्यांचीही मराठी एकसारखी नसते. ज्या गोष्टीसाठी दूरदूरचे अभ्यासक टेपरेकॉर्डर घेऊन खेडोपाडी फिरले, ती गोष्ट माझ्यासमोर बाकांवर बसून माझी टिपणे उतरवून घेत होती, ही विसंगती माझ्या लक्षात यायला सहा वर्षे लागली. पुढच्या वर्षी मी ठरवले की पहिला महिनाभर एकही व्याख्या सांगायची नाही आणि प्रत्येक तासाला मुलांनी तोंडाने, कानाने किंवा हाताने काहीतरी करायचे.

सुरुवात कागदाच्या पट्टीपासून केली. वर्तमानपत्राची बोटभर रुंदीची पट्टी ओठांसमोर धरायची आणि प, फ, ब, भ हे क्रमाने म्हणायचे. ‘प’ला पट्टी जेमतेम हलते, ‘भ’ला उडते आणि ‘फ’ला सर्वांत जास्त उडते, त्यावरून महाप्राण ध्वनीबरोबर हवेचा झोत कसा बाहेर पडतो ते मुलांना डोळ्यांनी दिसेल, असा माझा हिशेब होता. तो अर्धा चुकला. चार-पाच जणांची पट्टी ‘फ’ला उडण्याऐवजी नुसती वाकून तशीच थरथरत राहिली. आधी मला वाटले की त्यांनी पट्टी दूर धरली आहे. मग एकेकाला जवळ बोलावून ‘फळ’ आणि ‘फूल’ म्हणायला लावले, तेव्हा कळले की ही मुले ‘फ’ म्हणताना दोन्ही ओठ मिटतच नाहीत. खालचा ओठ वरच्या दातांना टेकवून ती हवा घासत बाहेर सोडतात, म्हणजे ‘फोन’मधला ‘फ’ त्यांनी ‘फळा’लाही लावला आहे. त्या दिवशी शिकवायचे होते महाप्राण आणि शिकवून झाले स्फोटक (वाट पूर्ण अडवून सोडलेले) व घर्षक (हवा घासत सोडलेले) ध्वनी. कंठाला बोट लावून ‘क’ आणि ‘ग’ यांतील घोषाचा, म्हणजे कंठातल्या कंपनाचा, फरक जाणून घेण्याचा प्रयोग त्यामानाने विनातक्रार पार पडला, म्हणून त्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी च, ज, झ असलेले चाळीसेक शब्द चिठ्ठ्यांवर लिहून आणले आणि टेबलावर बिस्किटांचे दोन रिकामे डबे ठेवले. ‘चाक’मध्ये जीभ जिथे लागते तिथे लागणारे शब्द एका डब्यात आणि ‘चिखल’मध्ये लागते तिथे लागणारे दुसऱ्या डब्यात टाकायचे. दंततालव्य आणि तालव्य ही नावे मी सांगितली नाहीत. चूल, चोर, पाच, विंचू, जागा, जमीन, आवाज, झाड हे एका बाजूला गेले, तर चिमणी, चेहरा, जीव, जेवण, झेंडा, चंद्र, चरण, जल हे दुसऱ्या बाजूला गेले. ‘माझा-माझी’ अशी एकच चिठ्ठी मी मुद्दाम लिहिली होती. ती हातात आलेल्या मुलीने ती दोन-तीन वेळा पुटपुटून पाहिली आणि मग सरळ मधोमध फाडून एक तुकडा या डब्यात आणि दुसरा त्या डब्यात टाकला. मी पुस्तकातून सांगितले असते तर या एका फाडण्यात जे होते ते सांगायला मला अर्धा तास लागला असता.

मग डबे उपडे करून मुलांना नियम शोधायला सांगितला. इ, ई आणि ए यांच्या आधी नेहमी ‘चिखला’तला च येतो, हे त्यांनी पाच मिनिटांत शोधले, त्याचा-त्याची-त्याचे हे त्रिकूट त्यांनी स्वतःच पुढे आणली. मात्र अ, आ, उ, ओ यांच्या आधी दोन्ही डब्यांतले शब्द होते आणि तिथे नियम अडला. एकाने सुचवले की संस्कृतातून आलेले शब्द दुसऱ्या डब्यात जातात, आणि चंद्र, चरण, जन, जल हे त्याला साक्ष होते. लगेच दुसऱ्याने ‘चार’ आणि ‘चहा’ काढून दाखवले, कारण हे शब्द संस्कृत तर नव्हते आणि तरी ते चिखलाच्याच डब्यात होते. या ठिकाणी वर्गात बराच गोंधळ झाला. शेवटी मागच्या बाकावरची, सहसा न बोलणारी एक मुलगी म्हणाली, “सर, आमच्यात च्या म्हणतात. ‘च्या पिलास का?’ असं. तिथं य आहे.” मी तिला ‘चार’बद्दल विचारले. ते तिला माहीत नव्हते. परंतु जुन्या मराठीत ‘च्यारी’ असे रूप सापडते हे मला माहीत होते, आणि ते मी फळ्यावर लिहिले. ‘य’ विरून गेला, पण जाताना आपली जागा दाखवून गेला, अशी एक शक्यता वर्गाच्या हाती लागली. ‘चहा’चा इतिहास वेगळा आहे, तेव्हा हे स्पष्टीकरण त्याला तसेच्या तसे लागू करता येत नाही, हेही मला सांगावे लागले. तरी ज्या उच्चाराला तिच्या घरी गावंढळ म्हणून हसले जात होते, तो पुरावा म्हणून फळ्यावर लिहिला गेला.

न्यूनतम युग्मे याच शब्दांतून निघाली. दुनिया या अर्थाचे ‘जग’ आणि ‘तू सुखाने जग’ मधले ‘जग’. माणसाची ‘जात’ आणि ‘तो घरी जात आहे’ मधले ‘जात’. संख्या ‘चार’ आणि ‘गाईला चारा चार’ मधले ‘चार’. लिहिताना तेच अक्षर आणि बोलताना दोन वेगळे ध्वनी, हे मुलांना फार आवडले. त्यापायी घडलेला एक प्रकार सांगण्याजोगा आहे. चाचणी परीक्षेत सात-आठ जणांनी उत्तरात एवढेच लिहिले होते : “न्यूनतम युग्माचे उदाहरण : जग आणि जग.” तपासणारा मीच होतो म्हणून निभावले. विद्यापीठाच्या परीक्षेत उत्तरपत्रिका दुसऱ्या कोणाच्या हाती गेली असती, तर मुलाने चुकून तोच शब्द दोनदा लिहिला असेच त्यांना वाटले असते. तेव्हापासून दंततालव्य उच्चाराखाली टिंब द्यायचे आणि शेजारी अर्थ लिहायचा, असा नियम आम्ही वर्गापुरता केला. देवनागरी जसे लिहितो तसे बोलतो अशी तिची जी ख्याती आहे, तिची परीक्षा घेण्याचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

रूपविचाराकडे वळताना मी जीन बर्को यांच्या १९५८ सालच्या प्रयोगाची मदत घेतली. त्यांनी लहान मुलांना पक्ष्यासारख्या एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याला एक बनावट नाव दिले होते आणि असे दोन असतील तर काय म्हणाल, असे विचारले होते. मुलांनी न ऐकलेल्या शब्दाचेही अनेकवचन बरोबर केले, म्हणजे त्यांनी शब्द पाठ केलेले नव्हते, नियम आत्मसात केला होता. मराठीत या प्रयोगाला अधिक वाव आहे, कारण आपल्याला अनेकवचनाबरोबर लिंग आणि सामान्यरूपही सांभाळावे लागते. मी फळ्यावर तीन प्राणी काढले. माझी चित्रकला अशी आहे की तिन्ही प्राणी कमीअधिक प्रमाणात बटाट्यासारखे दिसत होते. त्यांची नावे : हा टोबा, ही मिडक, हे लापूट. प्रत्येकाने शेजाऱ्याला न दाखवता अनेकवचन लिहायचे आणि ‘ला’ लावून रूप करायचे.

‘टोबा’चे ‘टोबे’ आणि ‘टोब्याला’ हे जवळजवळ सर्वांनी केले. एका मुलीने ‘टोबाला’ असे लिहिले होते. विचारल्यावर तिने सांगितले की मला तो कोणाचा तरी काका वाटला. ‘घोड्याला’ होते पण ‘काक्याला’ होत नाही, हे तिला न शिकवता माहीत होते आणि त्या बटाट्याला तिने नातलग मानल्याबरोबर तो नियम आपोआप लागू झाला. ‘मिडक’ने वर्गाचे दोन तट पाडले. निम्म्यांनी अनेकवचन ‘मिडका’ केले आणि निम्म्यांनी ‘मिडकी’. मी फळ्यावर दोन रकाने करून त्यांची पुढची उत्तरे भरली, तेव्हा दिसले की ज्यांनी ‘मिडका’ केले त्यांनीच ‘मिडकेला’ केले होते आणि ज्यांनी ‘मिडकी’ केले त्यांनीच ‘मिडकीला’. वीट-विटा-विटेला हा एक रस्ता आणि भिंत-भिंती-भिंतीला हा दुसरा. एका रस्त्याने निघून मध्येच दुसऱ्या रस्त्याला कोणी लागले नव्हते. एकमेकांच्या वह्या न पाहता दोन तटांनी आपापली शिस्त पाळलेली पाहून मुले स्वतःच चकित झाली. ‘लापूट’च्या बाबतीत काहींनी लाकूड-लाकडाला याप्रमाणे ‘लापटाला’ केले, काहींनी ‘लापुटाला’. त्यावर मी विचारले की मग ‘फेसबुक’चे ‘फेसबकाला’ का करत नाही, आणि वर्ग हसण्यात बुडाला. पण प्रश्न गंभीर होता. जुन्या पिढीने ‘ऑफिसात’, ‘टेबलावर’, ‘बँकेत’ असे म्हणत इंग्रजी शब्दांना सामान्यरूप दिले आणि आजची मुले ‘ऑफिसमध्ये’, ‘मोबाईलमध्ये’, ‘फेसबुकवर’ म्हणत शब्दाला हात न लावता पुढे जातात. घरी आजी-आजोबांना आणि धाकट्या भावंडांना हीच वाक्ये पूर्ण करायला सांगून याद्या आणायच्या, हा त्या आठवड्याचा गृहपाठ होता. याद्या आल्या, पण निम्म्या मुलांनी आजीला विचारण्याऐवजी आजीच्या नावावर स्वतःच उत्तरे लिहिली होती. हे मी ओळखले ते हस्ताक्षरावरून नव्हे. सर्व आज्यांनी सर्व शब्दांना सामान्यरूप दिले होते आणि खऱ्या आज्या इतक्या नियमित नसतात.

बाजारातला प्रयोग मात्र माझ्या अपेक्षेप्रमाणे झाला नाही, आणि त्यातूनच मला सर्वांत जास्त शिकायला मिळाले. विल्यम लबॉव्ह यांनी १९६२ साली न्यूयॉर्कमधील तीन वेगवेगळ्या प्रतिष्ठेच्या मोठ्या दुकानांत जाऊन, उत्तर ‘चौथा मजला’ असेच यावे अशी वस्तू विक्रेत्यांना विचारली होती. त्या इंग्रजी उत्तरात दोनदा येणारा ‘र’ कोण उच्चारतो आणि कोण गाळतो, ते त्यांनी टिपले. ऐकू न आल्याचे भासवून ते तेच उत्तर पुन्हा वदवून घेत, म्हणजे जपून उच्चारलेले रूपही हाती येई. आमच्या भागात ‘ण’ आणि ‘न’ यांचा असाच प्रश्न आहे. ‘पाणी’ आणि ‘पानी’ दोन्ही कानावर येतात. अडचण अशी की प्रश्नात आपणच ‘ण’ उच्चारला तर समोरचा सावध होतो. दोन दिवस खल केल्यावर मुलांनीच मार्ग काढला. आठवडी बाजारात भडभुंज्याच्या गाडीवर जायचे आणि एवढेच विचारायचे, “काय काय आहे?” तो सांगणार, “फुटाणे, शेंगदाणे, खारे दाणे.” मग आपण म्हणायचे, “काय?” आणि तो पुन्हा सांगणार. न विचारता कोणाचा आवाज मुद्रित करायचा नाही, हे मी आधीच बजावले होते, म्हणून दोघादोघांच्या जोड्यांनी ऐकायचे आणि गाडीपासून दूर गेल्यावर आपापल्या वहीत स्वतंत्रपणे लिहायचे असे ठरले.

संध्याकाळी वह्या पाहिल्या तर एकाच विक्रेत्याच्या एकाच उत्तरापुढे एका वहीत ‘ण’ होता आणि जोडीदाराच्या वहीत ‘न’. असे एकदा नाही, अनेक ठिकाणी झाले होते. प्रथम मी मुलांवर चिडलो. नंतर मी स्वतः एका विद्यार्थ्याबरोबर पुढच्या बाजारी गेलो, तेव्हा माझेही तेच झाले. मला तर प्रत्येक ठिकाणी ‘ण’च ऐकू आला होता. मी शुद्धलेखनाचा माणूस. शब्द कानावर पडण्याआधीच तो डोळ्यांपुढे लिहिलेला असतो आणि जे लिहिलेले आहे तेच मी ऐकतो. ज्या मुलांच्या घरी दोन्ही उच्चार आहेत ती या बाबतीत माझ्यापेक्षा जास्त विश्वासार्ह होती. मग आम्ही परवानगी घेऊन काही जणांची मुद्रणे केली आणि संगणक कक्षात प्रात या ध्वनी तपासण्याच्या मोफत प्रणालीवर ती लावून पाहिली. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी ही प्रणाली तयार केली आहे. खरे सांगायचे तर पडद्यावरच्या करड्या पट्ट्यांतून ‘ण’ आणि ‘न’ वेगळे करणे माझ्या आवाक्याबाहेरचे निघाले. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या शब्दांत पहिल्या अक्षराला लागणारा वेळ मात्र आम्हाला मोजता आला आणि ‘दर्या’ म्हणताना ‘द’वर आघात का जाणवतो ते दिसले. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली आणि तिसऱ्या दिवशी संगणक कक्ष दुसऱ्या विभागाच्या परीक्षेसाठी हवा होता. आमचे ध्वनिविज्ञान तिथेच संपले. बाजारातला विक्रेता एकच शब्द पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदा कसा उच्चारतो, याचे भरवशाचे आकडे आमच्या हाती कधीच आले नाहीत. आले ते आपल्या कानांवर किती भरवसा ठेवावा याचे भान.

आता वाक्यविचाराकडे येतो, कारण ज्या प्रश्नासाठी हे सर्व लिहायला बसलो तो तिथे निघाला. भूतकाळात क्रियापद कोणाशी जुळते हे मुलांनी स्वतः शोधावे म्हणून मी एक साधा तक्ता दिला. कर्ता तोच ठेवून कर्म बदलायचे : मी आंबा, मी भाकरी, मी केळे. मग कर्म तेच ठेवून कर्ता बदलायचा. खाल्ला, खाल्ली, खाल्ले अशी रूपे भरली जातील आणि क्रियापद कर्मामागे जाते हे दिसेल, अशी माझी योजना होती. ‘तू आंबा खाल्लास’, ‘तू भाकरी खाल्लीस’ या रूपांत क्रियापद कर्माचे लिंग दाखवून वर कर्त्यासाठी एक ‘स’ही ठेवते, हे एका मुलीने दाखवून दिले, तेव्हा तास चांगला चालला आहे असे मला वाटले. तेवढ्यात एका मुलाची वही मी उचलली. त्यात पहिल्या तीन घरांत त्याने ‘खाल्लो, खाल्लो, खाल्लो’ असे लिहून ते खोडले होते आणि वर पाठ्यपुस्तकी रूपे लिहिली होती. मी विचारले की खोडले का. तो म्हणाला, “सर, चुकीचं आहे ते. घरी म्हणतात.”

सहा वर्षे निबंधांच्या वह्यांत ‘मी भाकरी खाल्लो’ आणि ‘तो काम केला’ यांखाली लाल रेघ मारणारा मीच होतो. त्याला मी खोडलेले परत लिहायला सांगितले आणि फळ्यावर दुसरा तक्ता आखला : मी आंबा खाल्लो, मी भाकरी खाल्लो, मी केळे खाल्लो, तो आंबा खाल्ला, तो भाकरी खाल्ला. या तक्त्यात चूक कुठे आहे ते दाखवा, असे वर्गाला विचारले. कोणालाही ती सापडली नाही, कारण तक्ता स्वतःशी पूर्ण सुसंगत होता. क्रियापद नेहमी कर्त्याशी जुळत होते आणि ‘ने’ कुठेही नव्हता. कन्नड घरातल्या एका मुलीला मी हेच तिच्या भाषेत सांगायला लावले. ‘नानु रोट्टि तिंदे’, ‘नानु हण्णु तिंदे’. पोळी असो की फळ, क्रियापद हलत नाही, ते ‘मी’शी बांधलेले. पाठोपाठ पलीकडच्या बाकावरून दख्खनी घरातल्या एका मुलाचा आवाज आला, “सर, आम्हीपण घरात ‘मैं रोटी खाया’ म्हणतो.” शाळेच्या हिंदीत त्याच मुलाला ‘मैंने रोटी खाई’ असे लिहावे लागले होते आणि तिथेही त्याच्या वहीत लाल रेघा होत्या. तीन घरांतल्या तीन भाषा फळ्यावर शेजारी उभ्या राहिल्या आणि तिन्हींत क्रियापदाचे वागणे एकच निघाले.

या ठिकाणी मी कुपवाडचे उदाहरण सांगितले. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी आमच्याच जिल्ह्यातल्या या गावातील मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू यांचा अभ्यास करून १९७१ साली लेख प्रसिद्ध केला. पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहिल्याने या भाषांची वाक्यरचना इतकी सारखी झाली होती की शब्दाला शब्द बदलला की एका भाषेतून दुसरीत जाता येई. त्यांच्या लेखातील ‘पाला जरा कापून घेऊन आलो’ हे मराठी वाक्य आणि ‘पाला जरा काटके लेके आया’ हे उर्दू वाक्य मी फळ्यावर लिहिले. जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत शिकवले जाणारे हे गाव एसटीने जाता येईल इतके जवळ आहे, यावर मुलांचा आधी विश्वास बसेना. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण केले आहे, त्यातील नमुनेही मी त्यांना ऐकवले. आपल्या आजीसारखे बोलणारे कोणीतरी तिथे अभ्यासाचा विषय म्हणून नोंदले आहे, हे ऐकताना काही मुले संकोचली आणि काही खुशीत आली. माझी पत्नी कोल्हापूरची आहे आणि ‘मी बाजारला जातो’ म्हणते, हे मी ओघात सांगून टाकले. ते सांगायला नको होते, कारण पुढे महिनाभर तिची चौकशी होत राहिली.

तास संपत आला होता. ज्याने ‘खाल्लो’ खोडले होते तोच मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, पुस्तकात ‘मी चहा प्यालो’ बरोबर आहे ना? मग ‘प्यालो’ चालतं, तर ‘खाल्लो’ का चालत नाही? चहापण कर्मच आहे की.”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. जुन्या व्याकरणांत अशा अपवादभूत क्रियापदांची दखल आहे, हे मला माहीत होते. पण ती यादी म्हणजे ‘आहे असे’ या उत्तराचेच सभ्य रूप आहे. घंटा झाली म्हणून मी त्या दिवशी सुटलो. दुसऱ्या दिवशी मात्र मी कबूल केले की मला हे माहीत नाही, आणि एक चार्टपेपर भिंतीला लावून त्यावर दोन रकाने आखले : ‘प्यालो-गट’ आणि ‘खाल्ला-गट’. प्रमाण मराठीतील कर्म घेणारे जे क्रियापद सुचेल ते योग्य रकान्यात लिहायचे आणि खाली वाक्य द्यायचे. पहिल्या गटात आठवडाभरात ‘धडा शिकलो’, ‘गोष्ट विसरलो’, ‘दोन शब्द बोललो’, ‘क्रिकेट खेळलो’, ‘गड चढलो’, ‘ती साडी नेसली’ अशी भर पडली. दुसऱ्या गटाला तर अंतच नव्हता. ‘साडी नेसली’ इकडे आणि ‘त्याने सदरा घातला’ तिकडे का, यावर मुलींनी एक तास घेतला; पिणे, शिकणे, नेसणे यांत क्रियेचा परिणाम करणाऱ्याच्याच अंगावर किंवा अंगात राहतो, असा एकीचा तर्क होता. मग खाणे तिकडे कसे, असे विचारल्यावर ती गप्प बसली, पण तर्क काही तिने सोडला नाही. मलाही तो अजून पूर्णपणे सोडवत नाही. ‘जिंकणे’ दोन्ही रकान्यांत गेले, कारण ‘मी सामना जिंकलो’ आणि ‘मी सामना जिंकला’ दोन्ही म्हणणारे वर्गात होते.

विद्यापीठाची परीक्षा अर्थात जुन्याच पद्धतीची होती. शेवटचे दोन आठवडे मी व्याख्या सांगितल्या आणि मुलांनी त्या उतरवून घेतल्या; त्यांत मला पूर्वीइतकी लाज वाटली नाही, कारण आता प्रत्येक व्याख्येखाली लिहायला त्यांच्याकडे स्वतःचे काहीतरी होते. निकाल पूर्वीच्याच पातळीवर लागला, फार वर गेला नाही. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी, मुलांना अशुद्ध बोलायला शिकवता असा आक्षेप घेतला. मी त्यांना चहाला बोलावून ‘तुम्ही चहा प्यालात की तुम्ही चहा प्याला’ असे विचारले. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि मग विषय बदलला.

चार्टपेपर भिंतीवर तसाच राहिला. वर्ग झाडणाऱ्या मावशींनी तो काढायचा का असे विचारले, तेव्हा मी नको म्हणालो. पुढच्या तुकडीने त्यात आपली क्रियापदे घातली. तिसऱ्या वर्षी एका सकाळी दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर कोणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलेले दिसले. हस्ताक्षर मला ओळखता आले नाही : “चावणे. त्याने सुपारी चावली. त्याला कुत्रा चावला. हे कुठे लिहायचे?”